घरच्या सर्व्हरवर स्वतःचा फीड रीडर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून घरगुती सर्व्हर कसा करायचा ते लिहिलं होतं, आणि त्यावर सगळ्यात आधी काय बसवायचं तर फीड रीडर (आवडत्या साइटवरचं नवं लिखाण एका जागी आणून दाखवणारा प्रोग्राम), असं शेवटी एका ओळीत म्हटलं होतं. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली, म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं थोडी छोटी केलीत.

दादा नमस्कार. मी शाळेत शिकवते, मराठी ब्लॉग वाचायची जुनी सवय आहे. पूर्वी गूगल रीडर वापरायचे, तो बंद पडल्यापासून फेसबुकवर जे समोर येईल तेच वाचलं जातं आणि ज्यांचं लिखाण आवडतं त्यांचं नेमकं दिसत नाही. हा फीडचा प्रकार अजून चालू आहे का? आता कोण देतं फीड? – एक शिक्षिका, सातारा

ताई, चालू आहे आणि चांगला जोरात चालू आहे, फक्त त्याची जाहिरात कोणी करत नाही. फीड ज्या ठरलेल्या पद्धतीने लिहितात ते आरएसएस १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीने आणलं, त्याची आज सगळीकडे चालते ती २.० आवृत्ती २००२ ची, आणि त्याचंच भावंड असलेलं ॲटम २००५ मध्ये ठरलं. गूगल रीडर २००५ च्या ऑक्टोबरात आला आणि १ जुलै २०१३ ला बंद झाला. तेव्हा खूप जणांचा समज झाला की फीडच संपलं, पण बंद झालं होतं ते एका कंपनीचं वाचायचं दुकान, साइट आपापले फीड देतच राहिल्या.

फीड म्हणजे साइटवरची एक साधी फाइल. शेवटचे दहा-वीस लेख, त्यांची शीर्षकं, तारखा, लिंक आणि मजकूर, बस. तुमचा रीडर मधूनमधून ती फाइल मागतो, नवीन काही असेल तर यादीत टाकतो. कोणाचं वर दाखवायचं कोणाचं खाली हे ठरवणारं मधे कोणी नाही, ज्याने लिहिलं त्याचं दिसणार आणि तारखेप्रमाणे दिसणार, आणि मला विचाराल तर हा सगळा खटाटोप करायचा तो एवढ्यासाठीच.

आता कोण देतं. वर्डप्रेसवरची जवळपास प्रत्येक साइट देते, पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजीत फीड लिहा, की आलं. ब्लॉगस्पॉटवरचे जवळपास सगळे ब्लॉग देतात, आणि मराठीतला २००६-०७ पासूनचा केवढा तरी चांगला ऐवज तिथेच आहे, त्यातले काही जण वर्षातून एकदाच लिहितात पण लिहितात, आणि अशांसाठी तर फीड हवाच कारण रोज जाऊन कोण बघणार. बहुतेक पॉडकास्ट मुळात आरएसएसवरच चालतात. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलला फीड आहे, त्यात शेवटचे १५ व्हिडिओ असतात. बीबीसी मराठीचा आहे, पीआयबीचा (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा) आहे, ट्विटरसारख्या मॅस्टोडॉनवरच्या कुठल्याही खात्याचा आहे, मराठी विकिपीडियावरच्या अलीकडील बदलांचासुद्धा आहे. बहुतेक वेळा तुम्हाला फीडचा पत्ता शोधायचीही गरज नाही, साइटचा साधा पत्ता रीडरमध्ये पेस्ट करायचा, पानाच्या आत फीडची खूण असते ती तो स्वतः शोधतो.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम मात्र फीड देत नाहीत, तिथे लिहिणाऱ्या तुमच्या आवडत्या लेखकांना एकदा विचारून बघा की ब्लॉगवरही टाकाल का. विचारल्यावर टाकणारे निघतात.

फ्रेशआरएसएस, मिनिफ्लक्स, टायनी टायनी आरएसएस, यार… नावं ऐकून गोंधळ झालाय. माझ्याकडे २ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि एक रास्पबेरी पाय ४ पण आहे. कुठल्यावर काय टाकू? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर

मित्रा, लॅपटॉपवर फ्रेशआरएसएस टाक, एसक्यूलाइटवर (एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस), आणि तो विषय संपव. कारणं सांगतो.

मिनिफ्लक्स खरंच सुंदर आहे, गो भाषेत लिहिलेली एकच फाइल, पान क्षणात उघडतं, स्क्रीनवर मजकुराशिवाय काही नाही. पण त्याला पोस्टग्रेस लागतोच, म्हणजे एका रीडरसाठी शेजारी एक मोठा डेटाबेस चालू ठेवायचा, त्याचा बॅकअप वेगळा, त्याची मोठी आवृत्ती बदलली की डेटा हलवायचा कार्यक्रम वेगळा. तुला पोस्टग्रेस शिकायचंच असेल तर जरूर. यार हा अगदीच छोटा, एक फाइल चालवली की झालं, फक्त स्वतःच्या डेस्कटॉपवर वाचणाऱ्याला पुरतो. टायनी टायनी आरएसएस जुना आणि ताकदीचा, पण मूळ लेखकाने २०२५ मध्ये त्यावरचं काम थांबवलं, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकडे जाऊ नये असं मला वाटतं.

फ्रेशआरएसएस पीएचपीत आहे, २०१२ पासून चालू आहे, एसक्यूलाइटवर चालतो म्हणजे सगळा डेटा एका फोल्डरमध्ये, घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं देता येतं, मोबाइलच्या ॲपना लागणारा गूगल रीडरच्या धर्तीचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने याच्याशी बोलायचा दरवाजा) त्यात आहे, आणि मराठी वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्याचं सर्च जास्त उपयोगाचं आहे (ते खाली रत्नागिरीच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिलंय). २ जीबी रॅम त्याला भरपूर झाली.

पाय का नको म्हणालो? पाय चांगला आहे, वीज कमी खातो, पण बहुतेक जण तो मेमरी कार्डवर चालवतात आणि डेटाबेस दिवसभर थोडं थोडं लिहीत राहिला की कार्ड कधीतरी मान टाकतं, तेही न सांगता. पाय वापरायचाच असेल तर यूएसबीला छोटी एसएसडी लाव आणि डेटा तिच्यावर ठेव. लॅपटॉपला डिस्क आहेच, शिवाय बॅटरी आहे, वीज गेली तरी तो चालू राहतो, आपल्याकडे हा फायदा छोटा नाही. झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून सिस्टिमडीच्या लॉगिनडी कॉन्फ फाइलमध्ये ‘हँडल लिड स्विच’ची ओळ असते तिथे ‘इग्नोर’ लिही. आणि बॅटरी जरा जरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेलं दिसलं, तर आधी ती काढून टाक, मग बाकीचं.

बसवण्याचं थोडक्यात: डॉकर (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) आणि डॉकर कंपोझ (तो कसा चालवायचा ते एका फाइलमध्ये लिहायची सोय) टाक, फ्रेशआरएसएसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तयार कंपोझ फाइल दिलेली आहे तीच घे, नेटवर कुठून तरी दुसरीकडून उचलू नकोस. त्यात बघायच्या गोष्टी म्हणजे पोर्ट (घरातला ८०८०, आतला ८०), डेटा आणि एक्स्टेन्शन्सची दोन व्हॉल्यूम (कंटेनरच्या बाहेर जपलेली फोल्डर), टाइमझोन एशिया स्लॅश कोलकाता, क्रॉनची मिनिटं (त्याबद्दल पुढच्या उत्तरात) आणि ‘अनलेस स्टॉप्ड’ हा रीस्टार्टचा नियम. चालू केलं की ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा घरातला आयपी आणि ८०८० टाक, काही पानांचा विझार्ड येतो, डेटाबेसच्या पानावर एसक्यूलाइट निवड, नाव पासवर्ड दे, झालं. पासवर्ड मात्र नीट ठेव, घरातलंच आहे म्हणून १२३४ नको.

साहेब, तुमच्या लेखाप्रमाणे लॅपटॉप तयार केला, मुलाच्या मदतीने फ्रेशआरएसएस पण बसवलं, फीड घातले, छान दिसतंय. दोन अडचणी. एक, नवीन लेख आपोआप येतच नाहीत, मी रिफ्रेशचं बटण दाबलं तरच येतात. दुसरं, मुलाने अपडेट केलं आणि सगळं कोरं झालं, परत पहिल्यापासून नाव पासवर्ड विचारायला लागलं. वय ६८, बँकेतून निवृत्त. – डोंबिवली

काका, आधी तुमचं कौतुक, इथपर्यंत आलात म्हणजे अवघड भाग झालेला आहे. दोन्ही दुखणी त्या कंपोझ फाइलमधल्या एकेका ओळीची आहेत.

पहिलं दुखणं: फ्रेशआरएसएस स्वतःहून फीड आणायला बाहेर जात नाही, त्याला कोणीतरी ठराविक वेळी हाक मारावी लागते आणि ते काम क्रॉनचं. डॉकरच्या इमेजमध्ये क्रॉन आधीच आहे पण तो बंद असतो, ‘क्रॉन मिन’ नावाची किंमत दिली की चालू होतो. (फाइलमध्ये ते नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि मधे अंडरस्कोर देऊन लिहायचं.) तिथे १३,४३ असं लिहिलं तर दर तासाला १३ व्या आणि ४३ व्या मिनिटाला तो फीड बघून येईल. तुम्ही म्हणाल १३ आणि ४३ च का, तर कुठलेही आडनिडे आकडे घ्या पण ० आणि ३० नका घेऊ, कारण जगातले निम्मे क्रॉन बरोबर तासाच्या ठोक्याला धावतात आणि छोट्या ब्लॉगच्या सर्व्हरवर त्या एका मिनिटात नुसती झुंबड उडते.

एक लक्षात असू द्या, क्रॉन अर्ध्या तासाने धावला तरी प्रत्येक फीड अर्ध्या तासाने मागितला जाईलच असं नाही. फ्रेशआरएसएसमध्ये ‘यापेक्षा जास्त वेळा रिफ्रेश करू नको’ अशी वेगळी सेटिंग आहे, ती प्रत्येक फीडला वेगळी देता येते. बातम्यांना एक तास ठेवा, महिन्यातून एकदा लिहिणाऱ्या ब्लॉगला एक दिवस ठेवला तरी काही बिघडत नाही.

दुसरं दुखणं: तुमचा डेटा कंटेनरच्या पोटातच राहिला होता. अपडेट करताना जुना कंटेनर फेकून नवीन तयार होतो, पोटात जे होतं ते त्याच्याबरोबर गेलं. फाइलमध्ये व्हॉल्यूम्स या मथळ्याखाली डेटाच्या फोल्डरची ओळ आहे का ते मुलाला बघायला सांगा, आणि कोलनच्या उजवीकडचा मार्ग डॉक्युमेंटेशनमध्ये आहे तसाच्या तसा आहे का तेही बघा, फ्रेशआरएसएस हे नाव त्यात एफ कॅपिटल आणि आरएसएस कॅपिटल असंच लागतं, सगळं लहान अक्षरांत लिहिलं तर व्हॉल्यूम तयार होतं पण रिकामंच राहतं. ओळ दुरुस्त झाली की एक चाचणी घ्या: एखादा फीड घाला, कंटेनर पूर्ण खाली घ्या, परत वर आणा. फीड जागेवर असेल तर इथून पुढे अपडेटची भीती नाही.

मी कर्जतहून सीएसएमटीला रोज लोकलने जातो, वाचायचा खरा वेळ तोच. घरात वायफायवर सगळं चालतं, बाहेर पडलो की नाही. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं, डायनॅमिक डीएनएस पण केलं, तरी उघडत नाही. कस्टमर केअरला फोन केला तर ते म्हणतात आमच्याकडून सगळं बरोबर आहे. – एक वाचक, कर्जत

भाऊ, हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी म्हणून एक आकडा असतो. तो लिहून घ्या. मग घरच्याच वायफायवरून ‘माझा आयपी काय’ असं नेटवर शोधा आणि तिथे दिसणारा आयपी व्ही ४ चा आकडा ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर तुमचं कनेक्शन थेट आहे आणि चूक फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून आलेली विनंती लॅपटॉपकडे वळवायच्या सेटिंगमध्ये) आहे. वेगळे असतील, आणि राऊटरवरचा आकडा १०० ने सुरू होऊन पुढचा भाग ६४ ते १२७ च्या मधला असेल किंवा सरळ १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपी व्ही ४ चे पत्ते जगात कमी पडतात, म्हणून कंपनी शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरते. बिल्डिंगच्या गेटवर एकच पाटी आणि आत फ्लॅटचे नंबरच नाहीत, तसं. बाहेरून आलेली विनंती तुमच्या राऊटरपर्यंत पोचतच नाही, मग राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडा काय उपयोग. तुम्ही फॉरवर्ड केलेलं पोर्ट आता बंद करून टाका.

मार्ग तीन आहेत. कंपनीकडून महिन्याचे जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेणं. स्वतःचं डोमेन असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल, म्हणजे त्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत घरापर्यंत वाट. किंवा टेलस्केल, म्हणजे फक्त तुमच्या डिव्हाइसचं मिळून एक खासगी नेटवर्क. एकट्या माणसाच्या फीड रीडरसाठी माझं मत स्वच्छ टेलस्केलच्या बाजूने आहे, कारण पहिल्या दोन्हीत तुमचं लॉगिनचं पान साऱ्या जगाला दिसतं आणि एकदा ते दिसायला लागलं की रात्रंदिवस बॉट येऊन पासवर्ड ठोकून बघतात, मग प्रत्येक अपडेट वेळेवर करणं ही तुमच्या मानेवरची जबाबदारी होते. टेलस्केल वायरगार्ड या व्हीपीएनवर (खासगी नेटवर्कच्या तंत्रावर) उभं आहे, वैयक्तिक वापराला फुकट आहे, लॅपटॉपवर एक आणि फोनवर एक असं टाकायचं, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करायचं. दोन्ही डिव्हाइस आतून बाहेर जोडले जातात म्हणून सीजीनॅटचा अडसर येत नाही आणि राऊटरला हात लावावा लागत नाही. लॅपटॉपला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो (हा आकडा आणि सीजीनॅटचा आकडा एकाच गटातले असल्यामुळे गोंधळू नका, हा टेलस्केलचा), तो पत्ता आणि पुढे ८०८० टाकलं की फोनच्या डेटावरून तुमचा रीडर उघडेल.

एक अडचण येते ती आधीच सांगतो, अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालू राहतो. ऑफिसचा व्हीपीएन त्याच फोनवर असेल तर दोन्ही एकदम चालणार नाहीत.

आता लोकलचं. रेंज जाते येते, त्यामुळे ब्राउझरमध्ये वाचू नका, ॲप घ्या, जे घरातून निघायच्या आधी लेख फोनमध्ये उतरवून ठेवेल. अँड्रॉइडवर रीड यू, कॅपी रीडर किंवा फीडमी, आयफोनवर नेटन्यूजवायर, ही सगळी फ्रेशआरएसएसला जोडतात. जोडण्याआधी फ्रेशआरएसएसच्या ऑथेंटिकेशन सेटिंगमध्ये एपीआय ॲक्सेसची टिक करायची आणि मग प्रोफाइलमध्ये जाऊन एपीआयचा वेगळा पासवर्ड ठरवायचा. हा लॉगिनच्या पासवर्डहून वेगळा असतो. बरेच जण ॲपमध्ये लॉगिनचाच पासवर्ड घालत बसतात आणि ॲप खराब आहे म्हणून सोडून देतात, अशी आठ-दहा पत्रं याच ढिगात आहेत. ॲपला द्यायचा पत्ता कुठला तर तुमच्या रीडरच्या पत्त्यापुढे स्लॅश एपीआय टाकून ब्राउझरमध्ये उघडा, तिथे तो तयार लिहिलेला असतो आणि चाचणी पास झाली की नाही तेही तिथेच दिसतं. काही ॲपना साधा एचटीटीपी पत्ता चालत नाही, त्यांच्यासाठी टेलस्केलची ‘सर्व्ह’ नावाची सोय आहे, ती सर्टिफिकेटसकट एचटीटीपीएस पत्ता देते.

सकाळी घरच्या वायफायवर एकदा सिंक केलं की सीएसएमटीपर्यंत रेंजची गरज नाही, लोकलमध्ये जे वाचलं, जे स्टार केलं ते पुढच्या सिंकला सर्व्हरवर जातं. फोटो उतरवायचे की नाही ते ॲपच्या सेटिंगवर असतं, मजकूर मात्र असतोच.

मी स्थानिक साप्ताहिकासाठी लिहितो. शेती, आंबा, मच्छीमारी यावरच्या बातम्या एका जागी हव्यात म्हणून पन्नासेक फीड घातले. पण सर्चमध्ये ‘शेतकऱ्यांना’ टाकलं तर काही बातम्या येतात काही येत नाहीत, ज्या येत नाहीत त्यात तो शब्द डोळ्यांना स्पष्ट दिसतोय. सॉफ्टवेअरला मराठी कळत नाही का? – एक पत्रकार, रत्नागिरी

सर, हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण हे दुखणं खास मराठीचं आहे.

‘ऱ्या’मधला तो अर्धचंद्रासारखा र युनिकोडमध्ये दोन पद्धतीने लिहिला जातो. एका पद्धतीत खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर, मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने अक्षरंच वेगळी आहेत. कुठल्या वर्तमानपत्राचं ऑफिस कुठला कीबोर्ड वापरतं त्यावर तिथल्या बातम्यांत कुठली पद्धत येते ते ठरतं. त्यामुळे तुम्ही तुमच्या कीबोर्डने ‘शेतकऱ्यांना’ लिहिलंत की तुमच्याच पद्धतीच्या साइट सापडतात, बाकीच्या नाहीत.

उपाय सोपा आहे. फ्रेशआरएसएसचं सर्च शब्दाचा तुकडाही शोधतं, तेव्हा नुसतं ‘शेतक’ टाका. शेतकरी, शेतकऱ्यांना दोन्ही पद्धतीने, शेतकरीविरोधी, सगळं येईल. हेच विभक्तीच्या रूपांनाही लागू आहे, आपल्याकडे शब्द आहे तसा वाक्यात क्वचितच येतो. ‘पुणे’ शोधलं तर ‘पुण्यात’ येणार नाही, ‘पुण’ शोधलं तर दोन्ही येतील. ‘आंबा’ नको, ‘आंब’ टाका, म्हणजे आंब्याला, आंबे, आंबा तिन्ही मिळतील, मागोमाग आंबोलीही येईल, तिला वजाचं चिन्ह लावून बाहेर काढा. ‘मासे’ऐवजी ‘मच्छीमार’ आणि ‘मासेमार’ हे दोन शब्द मधे इंग्रजी कॅपिटलमध्ये ‘ऑर’ लिहून जोडा, आणि मच्छिमार हे ऱ्हस्व रूप पण जोडा कारण छापून दोन्ही येतं. फक्त शीर्षकात शोधायचं तर आधी ‘इनटायटल’ आणि कोलन, हेही इंग्रजीतच. मिनिफ्लक्सचं सर्च अख्ख्या शब्दांवर चालतं, तिथे ही तुकड्याची युक्ती चालत नाही, आणि मी मराठी वाचकाला फ्रेशआरएसएस घ्या म्हणतो त्यामागे हे मोठं कारण आहे.

तयार झालेलं सर्च ‘युजर क्वेरी’ म्हणून सेव्ह करून ठेवा, म्हणजे रोज टाइप करायला नको, सकाळी आंब्याची क्वेरी उघडायची, मग मासेमारीची. उलट बाजूनेही हेच वापरता येतं: प्रत्येक फीडच्या सेटिंगमध्ये फिल्टर असतो, त्यात शब्द दिले की ते शब्द असलेल्या बातम्या आल्या आल्या ‘वाचलेल्या’ होऊन बाजूला जातात. राशिभविष्य, ‘व्हायरल’, क्रिकेटच्या मोसमात धावफलक, असं एकदा बसून घाला, पन्नास फीड वाचणं शक्य होतं ते यामुळेच.

आणि तुमच्या यादीतली एखादी जुनी साइट अगम्य रोमन अक्षरांत दिसत असेल तर ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली आहे, तिथे रीडर काही करू शकत नाही.

बऱ्याच फीडमध्ये दोनच ओळी येतात, पुढचं वाचायला साइटवर जावं लागतं. आणि आमच्या नगरपालिकेच्या साइटला फीडच नाही. काही करता येईल? – बार्शी

दोन ओळींच्या फीडसाठी त्या फीडच्या सेटिंगमध्ये सीएसएस सिलेक्टरची एक जागा आहे. मूळ लेखाचं पान उघडा, मजकुरावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा, मजकूर ज्या चौकटीत आहे तिचं क्लासचं नाव टिंबासकट तिथे लिहा, पुढच्या वेळेपासून रीडर पूर्ण मजकूर आणून ठेवेल. पण हे जपून वापरा, असं केलं की प्रत्येक नवीन लेखासाठी एक अख्खं पान मागितलं जातं. नुसता फीड मागणं फार हलकं असतं, रीडर विचारतो ‘मागच्या वेळेनंतर काही बदललं का’, सर्व्हर ३०४ म्हणतो म्हणजे नाही, आणि बोलणं तिथेच संपतं. शिवाय जे लेखक साइटवरच्या जाहिरातींवर जगतात त्यांच्या पानावर जाऊनच वाचावं असं मला मनापासून वाटतं.

नगरपालिकेच्या सूचनांसाठी फ्रेशआरएसएसमध्येच एचटीएमएल आणि एक्सपाथचा प्रकार आहे, फीड घालताना प्रकार बदलायचा आणि सूचनांची यादी पानात कुठे आहे, शीर्षक कुठे, लिंक कुठे ते सांगायचं. पहिल्यांदा डोकं खाजवावं लागतं पण टेंडर आणि पाणीपुरवठ्याच्या नोटिसा घरबसल्या आल्या की मेहनत वसूल होते. साइटचं डिझाइन बदललं की हे तुटतं, तेव्हा महिनाभर शांतता असेल तर एकदा जाऊन बघा.

वीज किती जाईल? आणि लॅपटॉपच गेला तर? – अकोला

रिकामा बसलेला जुना लॅपटॉप स्क्रीन बंद असताना १० वॅटच्या आसपास घेतो असं धरा, २४ तास ३० दिवस म्हणजे ७.२ युनिट. पाय ४ ला ३ ते ५ वॅट, म्हणजे महिन्याला २ ते ३.६ युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. अकोल्याच्या उन्हाळ्यात मात्र लॅपटॉप कपाटात कोंडू नका, बाजूच्या जाळ्या मोकळ्या ठेवा आणि पंख्यातली धूळ काढून घ्या. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो पण राऊटर मान टाकतो, त्याला छोटा डीसी यूपीएस लावा.

लॅपटॉप गेला तर काय, त्यासाठी दोन गोष्टी. फीडची यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट होते, काही केबींची फाइल, ती महिन्यातून एकदा स्वतःला मेल करा, कुठल्याही रीडरमध्ये ती चालते, उद्या फ्रेशआरएसएस सोडावंसं वाटलं तरी. स्टार केलेले लेख आणि सेटिंग जपायची असतील तर कंटेनर थांबवून डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. थांबवून करा, चालू असताना कॉपी केलेली एसक्यूलाइटची फाइल अर्धवट निघू शकते. ठराविक काळानंतर फ्रेशआरएसएस जुने लेख काढून टाकतो, स्टार केलेले ठेवतो, त्यामुळे जे जपायचं त्याला स्टार द्या.

मुलगी नोकरीसाठी म्युनिकला असते, तिलाही मराठी ब्लॉग वाचायचे असतात. तिला आमच्याच सर्व्हरवर खातं देता येईल का, की गोंधळ होईल? – पुणे

जरूर द्या मावशी, गोंधळ होत नाही. ॲडमिनच्या खात्यातून ‘मॅनेज युजर्स’मध्ये तिचं नवीन खातं काढा, तिची यादी वेगळी, तिचं वाचलेलं-न वाचलेलं वेगळं, तुमच्याला धक्का लागणार नाही. तुमची ब्लॉगची यादी ओपीएमएल करून तिच्या खात्यात इम्पोर्ट करा म्हणजे तिला शून्यापासून सुरुवात नको. टेलस्केलमध्ये फक्त तो एक लॅपटॉप तिच्या खात्याशी शेअर करता येतो, त्यासाठी तुमचा पासवर्ड तिला द्यायची गरज नाही. आणि तिच्या खात्याच्या सेटिंगमध्ये टाइमझोन युरोप स्लॅश बर्लिन करा, नाहीतर लेखांच्या वेळा तिला भारतातल्या दिसत राहतील.